सोमालीलँड: मेंढ्यांच्या जकातीवर उभं राहिलेलं राज्य

मशीद बंदरला डिंक आणि लोबानाच्या व्यापारात नव्याने उतरलेल्या एका तरुणाने विचारलं आहे: "बर्बेरा बंदरातून आलेल्या मालाच्या कागदांवर 'सोमालीलँड प्रजासत्ताक' असा शिक्का असतो. जगाच्या नकाशावर मात्र तिथे नुसतं सोमालिया लिहिलेलं दिसतं. मग हा देश आहे की नाही? तिथे सरकार कोणाचं, लोक कसे, मान्यता का नाही आणि उद्या सगळ्यांनी मान्यता दिली तर काय बदलेल?"

मी पशुवैद्यक आहे. हॉर्न ऑफ आफ्रिकेत, म्हणजे इथिओपिया, जिबूती आणि सोमाली मुलखात, जनावरांच्या रोगनियंत्रणाच्या आणि निर्यात तपासणीच्या कामात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यामुळे माझं उत्तर मेंढ्या-उंटांच्या बाजूने येणार. या देशाच्या बाबतीत तीच बाजू धरून चालावं असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे पुढे कळेलच.

आधी सरळ उत्तर. १८ मे १९९१ पासून सोमालीलँडचा स्वतःचा कारभार आहे. राष्ट्राध्यक्ष, दोन सभागृहांची संसद, सैन्य, पोलीस, न्यायालयं, चलन, पासपोर्ट, गाड्यांच्या नंबरप्लेट, सगळं वेगळं. राजधानी हर्गेसा. संयुक्त राष्ट्रांत मात्र त्यांना खुर्ची नाही. तब्बल ३४ वर्षं एकाही सदस्य देशाने त्यांना मान्यता दिली नव्हती. २६ डिसेंबर २०२५ रोजी इस्रायलने दिली, तो पहिला. सोमालियाचं सरकार आणि आफ्रिकन युनियन यांनी ती धुडकावून लावली. भारतासकट बाकी जगाच्या दृष्टीने हा अजूनही सोमालियाचा वायव्य भाग आहे. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. सोमाली म्हटलं की आपल्याला चाचे आठवतात, कारण मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने पकडलेले ३५ चाचे मुंबईत आणले गेले होते. पण चाचेगिरीचे अड्डे मुख्यतः पुंटलँड, म्हणजे सोमालियाचा ईशान्येकडचा स्वायत्त प्रांत, आणि मध्य सोमालिया यांच्या किनाऱ्यावर. सोमालीलँडने आपला किनारा त्यापासून बराचसा मोकळा ठेवला आहे.

आता मुलूख. एडनच्या आखाताच्या दक्षिण काठाला हा पट्टा आहे. पश्चिमेला जिबूती, दक्षिणेला इथिओपिया, पूर्वेला पुंटलँड. दावा केलेलं क्षेत्रफळ सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्येचे अंदाज ४० लाखांपासून ६० लाखांच्या पुढेपर्यंत सांगितले जातात. किनाऱ्यालगत गुबान नावाची उघडीबोडकी, तापलेली पट्टी. बर्बेरा तिथेच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो आणि ज्यांना परवडतं ते घर बंद करून डोंगरावर जातात. इंग्रज अधिकारीसुद्धा उन्हाळ्यात घाट चढून शेख गावी जायचे. गुबानच्या मागे गोलिस डोंगर. पूर्वेला एरिगावोच्या वर शिंबिरिस शिखर २,४०० मीटरच्या पुढे आहे आणि त्याच्या आसपास दालो भागात जुनिपरचं जंगल टिकून आहे. समुद्राकडे तोंड केलेल्या त्याच कड्यांवर लोबानाची झाडं वाढतात, काही तर चक्क खडकाला चिकटून. विदर्भातल्या सालईचीच ही भावंडं, वनस्पतिशास्त्रात दोघांचा वंश एकच. खोडाला चीर द्यायची, पाझरलेला चीक वाळू द्यायचा, मग खरवडून काढायचा. कोणत्या कड्यावरची झाडं कोणत्या कुटुंबाची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. प्रश्नकर्त्याच्या दुकानात येणारा माल बहुतेक याच डोंगरांतला.

डोंगर ओलांडला की पठार. हर्गेसा साधारण १,३०० मीटर उंचीवर असल्याने हवा सुखद. त्याच्या दक्षिणेला हौद नावाचं विस्तीर्ण गवताळ माळरान इथिओपियात दूरवर पसरत जातं. बारमाही नदी एकही नाही. पाऊस पडला की कोरड्या पात्रांना काही तास पूर येतो आणि पुन्हा वाळू उरते. मुख्य पाऊस एप्रिल ते जून, छोटा पाऊस ऑक्टोबरच्या आसपास. डिसेंबर ते मार्च हा जिलाल, म्हणजे कोरडा, जनावरांची परीक्षा पाहणारा हंगाम. पाऊस जिथे पडेल तिथे कळप जातो. थंडीत किनाऱ्यावर शिंतोडे पडले की खाली, मुख्य पावसात वर हौदात. हौदात विहिरी लागत नाहीत, म्हणून जमिनीत सिमेंटची टाकी बांधून पावसाचं पाणी साठवतात. तिला बरकद म्हणतात. बरकद ज्याची, त्याला कोरड्या महिन्यांत पाणी विकता येतं, आणि कोणाला विकायचं, कोणाला फुकट द्यायचं, यावरून मैत्र्या होतात आणि मुडदेही पडतात.

या मुलखाची मेंढी ओळखायला सोपी. डोकं काळं कुळकुळीत, अंग पांढरं, लोकर नाहीच, आखूड केस, आणि शेपटीच्या बुडाशी चरबीचा गोळा. कोरड्या महिन्यांत ती त्या चरबीवर तगून राहते. अरबस्तानात तिच्या मांसाला मोठी मागणी आहे, विशेषतः हजच्या दिवसांत. चांगल्या वर्षी बर्बेरातून ३० लाखांच्या घरात जनावरं जहाजावर चढली आहेत. शेळ्या-मेंढ्या सर्वाधिक, त्याखालोखाल गुरं आणि उंट.

इंग्रज इथे आले तेही मटणासाठी. आखातापलीकडे, आजच्या येमेनमध्ये, एडनला त्यांची छावणी होती; तिला ताजं मांस लागायचं आणि ते समोरच्या किनाऱ्यावरून यायचं. तो पुरवठा दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून १८८० च्या दशकात त्यांनी इथल्या कुळांशी करार केले. १८९८ पर्यंत हा मुलूख एडनच्या रेसिडेंटमार्फत चालवला गेला, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. व्यवहारात रुपया चालायचा, तो थेट १९५१ पर्यंत. शेतजमीन किंवा खाणी मिळण्यासारख्या नसल्याने इंग्रजांनी प्रशासन बेताचंच ठेवलं आणि कुळांच्या ज्येष्ठांना बाजूला सारलं नाही. दक्षिणेत इटालियनांनी केळीचे मळे काढले आणि जुनी व्यवस्था बरीच मोडली. पुढच्या फरकाचं एक मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट हौदाची. १८९७ च्या करारात इंग्रजांनी हौदाचा मोठा भाग इथिओपियाला देऊन टाकला होता, आणि १९५४ च्या करारानंतर तिथला ताबाही प्रत्यक्ष सोडला. ज्या कुरणांवर सोमालीलँडचे कळप अर्धं वर्ष काढायचे ती एका सहीने परक्या राज्यात गेली. शिष्टमंडळं लंडनला आणि संयुक्त राष्ट्रांत गेली, रिकाम्या हाताने परतली. 'सगळे सोमाली एक झालो तरच कुरणं परत मिळतील' ही भावना त्यातून पेटली. सोमाली लोक तेव्हा पाच ठिकाणी विभागले होते: ब्रिटिश मुलूख, इटालियन मुलूख, फ्रेंच जिबूती, इथिओपियातलं ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग. सोमालियाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं ती हीच. म्हणून २६ जून १९६० ला सोमालीलँड स्वतंत्र झालं, आणि पाचव्या दिवशी, १ जुलैला, इटालियन भागाशी स्वखुशीने एक झालं.

हे पाच दिवस आजच्या सगळ्या कायदेशीर वादाचा कणा आहेत. आफ्रिकन संघटनेने १९६४ मध्ये कैरोत ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा मोडायच्या नाहीत. हर्गेसा म्हणतं, आम्ही नवी सीमा मागतच नाही, २६ जून १९६० ची सीमा मागतो. आम्ही फुटून निघालो नाही, एका फसलेल्या एकीकरणातून बाहेर पडलो, जसे सीरिया आणि इजिप्त १९६१ मध्ये वेगळे झाले. त्या एकीकरणाचे कागदसुद्धा कच्चे होते. दोन्ही विधिमंडळांनी मंजूर केलेले मसुदे जुळत नव्हते आणि १९६१ मध्ये मागच्या तारखेने कायदा करावा लागला. त्याच वर्षी घटनेवर सार्वमत झालं तेव्हा उत्तरेतल्या प्रमुख पक्षाने बहिष्कार टाकला आणि तिथे जे मतदान झालं त्यात बहुमत विरोधात गेलं. राजधानी मोगादिशू, राष्ट्राध्यक्ष दक्षिणेचा, पंतप्रधान दक्षिणेचा. डिसेंबर १९६१ मध्ये उत्तरेतल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंडाचा प्रयत्न केला. त्यांच्यावर खटला चालला आणि एकीकरणाचा कायदा उत्तरेला नीट लागूच झालेला नाही, या मुद्द्यावर ते सुटले. २००५ मध्ये आफ्रिकन युनियनच्या पाहणी पथकानेही हे प्रकरण आफ्रिकेच्या इतिहासात एकमेव आहे, त्यामुळे इतर फुटीर चळवळींना वाट मोकळी होईल ही भीती बाळगू नये, अशा आशयाचा अहवाल दिला. तो तसाच पडून राहिला. शेजारच्या प्रत्येक सरकारला आपल्या घरातली एखादी चळवळ आठवते, आणि मोगादिशूच्या संमतीशिवाय पहिलं पाऊल टाकायला कोणी तयार नसतं.

कागदांपेक्षा १९८८ साल मोठं आहे. १९६९ मध्ये लष्करप्रमुख सियाद बारेने सोमालियाची सत्ता बळकावली, १९७७-७८ मध्ये इथिओपियाशी झालेल्या ओगादेन युद्धात तो हरला, आणि त्यानंतर उत्तरेतल्या इसाक कुळावर त्याचा संशय वाढत गेला. हर्गेसातल्या काही तरुण डॉक्टर-शिक्षकांनी वर्गणी काढून मोडकळीला आलेलं सरकारी इस्पितळ दुरुस्त केलं, तर त्यांनाच राजद्रोहाखाली पकडलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यांच्या खटल्यावरून शाळकरी पोरं दगड घेऊन रस्त्यावर उतरली. १९८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सोमाली नॅशनल मूव्हमेंट या बंडखोर संघटनेने मे १९८८ मध्ये बुराओ आणि हर्गेसावर हल्ला केला. उत्तरादाखल सरकारने आपल्याच शहरावर बॉम्ब टाकले. विमानं उडायची हर्गेसाच्याच विमानतळावरून, शहरावर बॉम्ब टाकून पुन्हा तिथेच उतरायची. किमान ५०,००० माणसं मेली असं मानलं जातं, लाखो लोक पायी इथिओपियात गेले. विहिरी आणि बरकदी ठरवून उद्ध्वस्त केल्या, कुरणांत सुरुंग पेरले. बरकद फोडणं म्हणजे काय, हे जनावरांवर जगणाऱ्या माणसाला समजवावं लागत नाही. हर्गेसाच्या मध्यभागी आज त्या वेळचं एक मिग विमान चौथऱ्यावर उभं आहे.

जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला. मे महिन्यात बुराओला सगळ्या कुळांचे ज्येष्ठ जमले आणि स्वातंत्र्य जाहीर झालं. तिजोरी रिकामी, प्रत्येक कुळाकडे बंदुका. १९९२ मध्ये बर्बेरा बंदर कोणाचं, यावरून इसाकांतल्याच गटांत लढाई जुंपली. ती शेख गावच्या बैठकीत मिटली आणि तिथे ठरलं की बंदर कोणा एका कुळाचं नाही, सरकारचं. माझ्या मते सोमालीलँड नावाचं राज्य खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झालं. पुढच्या वर्षी बोरामाला ज्येष्ठांची परिषद बसली, ती जवळजवळ चार महिने चालली. यजमानपण तिथल्या गादाबुर्सी कुळाने केलं. खाण्याजेवणाचा मोठा भार गावाने, व्यापाऱ्यांनी आणि परदेशी गेलेल्या नातेवाइकांनी उचलला. त्याच महिन्यांत दक्षिणेत अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांची अवाढव्य मोहीम चालू होती आणि तिथे काही केल्या शांतता टिकत नव्हती. बोरामातून महंमद हाजी इब्राहिम एगाल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. तेच १९६० चे ते पाच दिवस सरकारप्रमुख होते.

ज्येष्ठांच्या या बैठकांना बळ येतं ते हेर या रूढ कायद्यातून. तो लिहिलेला नसतो, कुळाकुळांतल्या करारांची ती साखळी असते. खून झाला तर पुरुषामागे १०० उंट भरपाई, आणि ती एकट्या खुन्याने द्यायची नाही, त्याच्या भाऊबंदांच्या गटाने मिळून द्यायची. त्यामुळे आपल्या गटातला कोणी माथेफिरू असला तर त्याला आवरण्यात सगळ्यांचाच स्वार्थ असतो. बाईच्या जिवाची भरपाई मात्र निम्मी धरतात आणि बैठकीत बायका बसत नाहीत. या व्यवस्थेचं कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

एगाल यांनी पैसा कुठून आणला? परदेशी कर्ज मिळणं शक्य नव्हतं, कारण जागतिक बँकेच्या लेखी हा देशच नाही. म्हणून त्यांनी जिबूतीत आणि आखातात बसलेल्या इसाक व्यापाऱ्यांकडून कर्ज घेतलं, बदल्यात जकातीत सवलती दिल्या, आणि त्या पैशातून बंदूकधाऱ्यांना पगारी सैन्यात घेतलं. १९९४ मध्ये स्वतःचा शिलिंग काढला. जकात बर्बेराला गोळा होते आणि बर्बेरा चालतं मेंढ्यांवर. म्हणजे ज्यांच्याकडून कर घ्यायचा त्यांच्याशी बोलणं, त्यांचं ऐकणं सरकारला भागच पडलं. मला या राज्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं. मान्यता नव्हती म्हणून फुकटचा पैसा नव्हता, आणि तो नव्हता म्हणून घरातली वाटाघाट टळली नाही.

याची खरी कसोटी रिफ्ट व्हॅली तापाने घेतली. हा डासांमुळे पसरणारा विषाणू. अतिवृष्टीनंतर उसळतो, गाभण मेंढ्या धडाधड गाभडतात, माणसांनाही लागण होते. १९९७-९८ च्या पुरांनंतर केनिया आणि दक्षिण सोमालियात साथ आली आणि सौदी अरेबियाने १९९८ मध्ये आयात बंद केली. काही काळाने उघडली, पण सप्टेंबर २००० मध्ये सौदी-येमेनमध्येच साथ निघाल्यावर पुन्हा बंद, ती २००९ पर्यंत. उत्पन्नाचा मुख्य झराच आटला. कुठलंही नवं सरकार अशा धक्क्याने कोसळलं असतं. इथे उलट झालं: मे २००१ मध्ये घटनेवर सार्वमत, २००२ मध्ये स्थानिक निवडणुका, २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची, २००५ मध्ये संसदेची. सगळं त्या बंदीच्या काळात. आज निर्यातीची जनावरं बर्बेराच्या विलगीकरण केंद्रात ठेवतात, रक्त तपासतात, मगच जहाजावर चढवतात. शेख गावात २००२ मध्ये पशुवैद्यकीय शाळा निघाली, तिथे शेजारच्या देशांतली मुलंही शिकायला येतात. माझ्या व्यवसायाचा मला अभिमान वाटावा अशा थोड्या जागा आहेत, त्यात ही एक.

बाजार पाहायचा तर बुराओचा. पहाटे उजाडायच्या आत कळप येतात, धुळीत माणूस दिसत नाही. पशुपालक स्वतः भाव करत नाही, त्याचा दलाल करतो, आणि तो दलाल सहसा त्याच्याच कुळातला असतो, कारण फसवणूक झाली तर जबाबदार कोणाला धरायचं हे माहीत हवं. दलाल आणि खरेदीदार हातात हात घेतात, वर खांद्यावरचं फडकं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. आपल्याकडच्या बैलबाजारात चालतं अगदी तसंच. आजूबाजूचे दहाजण टक लावून बघत असतात पण कोणालाही भाव कळत नाही. एकाची मान हलते, दुसरा हात झटकून निघून जातो, चार पावलांवर पुन्हा थांबतो. सौदा ठरला की पैसे मोबाइलवर येतात, डॉलरमध्ये. २००९ पासून झाद ही सेवा आहे, साध्या बटणाच्या फोनवर चालते. चहापासून उंटापर्यंत तिच्यावर देवघेव होते. शिलिंगच्या नोटांची थप्पी घेऊन हिंडण्यापेक्षा ते परवडतं. हर्गेसात रस्त्याच्या कडेला पैसे बदलून देणारे नोटांच्या विटा उघड्यावर रचून बसतात आणि नमाजाला जाताना त्यावर फडकं टाकून उठतात. बाहेरून येणाऱ्याला आधी त्याचंच नवल वाटतं.

सरकारची रचना अशी. राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी, पाच वर्षांसाठी. लोकप्रतिनिधींचं सभागृह ८२ जणांचं, ज्येष्ठांचं सभागृह म्हणजे गुरती, तेही ८२ चं. राष्ट्रीय पक्ष एकावेळी फक्त तीन, म्हणजे प्रत्येक कुळाने आपापला पक्ष काढू नये आणि मतांसाठी दुसऱ्या कुळाकडे जावंच लागावं. २००२ मध्ये एगाल पदावर असताना वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष दाहिर रियाले काहिन यांनी शपथ घेतली. ते इसाक नव्हते, गादाबुर्सी होते, शिवाय एके काळी बारेच्या गुप्तचर खात्यात अधिकारी. तरी लोकांनी स्वीकारलं. पुढच्या वर्षी पहिल्या निकालात ते केवळ ८० मतांनी जिंकले आणि हरलेल्या बाजूने, बरीच खळखळ करून, ज्येष्ठांच्या मध्यस्थीनंतर निकाल मान्य केला. २०१० मध्ये सिलान्यो, २०१७ मध्ये मुसे बिही अब्दी, नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधी वदानी पक्षाचे अब्दिरहमान महंमद अब्दुल्लाही, ज्यांना सगळे इर्रो म्हणतात, सुमारे ६४ टक्के मतांनी. पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षाने महिन्याभरात कारभार सोपवला. २०१७ ची मतदारयादी डोळ्याच्या बुबुळाच्या छापांवर तयार केली होती, जगात असं पहिल्यांदा झालं.

दोष आहेत आणि गंभीर आहेत. निवडणुका वेळेवर जवळजवळ कधीच होत नाहीत. दर वेळी गुरती मुदत वाढवते, २०२२ मध्ये तर दोन वर्षं वाढवली आणि त्याआधीच्या निदर्शनांत माणसं मारली गेली. गुरतीची स्वतःची निवडणूक आजवर झालेलीच नाही. सदस्य वारला की जागा मुलाकडे किंवा भावाकडे जाते. २०२१ च्या संसदेत एकही बाई निवडून आली नाही. सोमालियाशी एकीकरणाची भाषा बोलणाऱ्यांना आणि नको ते लिहिणाऱ्या पत्रकारांना तुरुंगात टाकल्याच्या घटना वारंवार घडतात.

संस्कृतीवर लिहायचं तर कवितेवरच लिहायला हवं, कारण या समाजात कवी भांडण लावतो, मिटवतो आणि सरकारला जाबही विचारतो. सोमालीला लॅटिन लिपी मिळाली १९७२ मध्ये. त्याआधी सगळं तोंडी. कवितेचा नियम कडक: पहिल्या ओळीत जो अनुप्रास धरला तो शेवटच्या ओळीपर्यंत सुटता कामा नये, मग कविता शंभर ओळींची का असेना. त्यामुळे ती पाठ करायला सोपी आणि मध्येच बदलायला अवघड. १९७९-८० च्या सुमारास गारिये या कवीने कुळाभिमानावर टीका करणारी एक कविता केली, तिला दुसऱ्याने उत्तर दिलं, त्याला तिसऱ्याने, आणि बारेच्या हुकूमशाहीत ही साखळी कॅसेटवरून देशभर फिरली. त्यातला मोठा आवाज हद्रावी. त्यांनी १९७३ पासून पाच वर्षं तुरुंगात काढली, ते २०२२ मध्ये हर्गेसात वारले. बर्बेराच्या बेकरीत काम करणारा एल्मी बोधरी होदान नावाच्या मुलीवरच्या प्रेमात कविता करत १९४१ मध्ये गेला. त्याच्या ओळी मी उंट हाकणाऱ्या पोराच्या तोंडूनही ऐकल्या आहेत. १९८८ ला बॉम्ब पडू लागले तेव्हा रेडिओ हर्गेसाच्या गाण्यांच्या फिती वाचाव्यात म्हणून लोकांनी त्या जमिनीत पुरल्या होत्या. पुढे त्या उकरून काढल्या. आता शहरात कॅसेटचं संग्रहालय आहे आणि २००८ पासून दरवर्षी पुस्तकजत्रा भरते.

घरात सकाळी लहोह, म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाळीदार भाकरी, तुपासाखरेबरोबर किंवा मटणाच्या रश्शाबरोबर. वेलची-दालचिनीचा गोड चहा. उंटिणीचं दूध धुरावलेल्या भांड्यात ठेवतात, त्याला तो वास लागतो आणि ते टिकतं. त्याचा व्यापार जवळजवळ पूर्ण बायकांच्या हाती आहे. दुपारनंतर पुरुषमंडळी 'खात' नावाचा नशा आणणारा पाला चघळत बसतात. तो पाला रोज इथिओपियातून भरधाव गाड्यांनी येतो आणि घरोघरचा पैसा खातो. एडना अदान इस्माईल या सुईणीने आयुष्याची कमाई घालून २००२ मध्ये हर्गेसात बाळंतपणाचं इस्पितळ उघडलं, मुलींच्या खतन्याविरुद्ध उभं आयुष्य बोलत राहिल्या, मध्यंतरी परराष्ट्रमंत्रीही झाल्या. मला या देशात सगळ्यात जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटतो.

आता पूर्वेकडची गोष्ट, जी सोमालीलँडचे मित्र टाळतात. पूर्वेला दुल्बहांते आणि वर्संगली ही कुळं राहतात. त्यांचं नातं पुंटलँडकडच्या कुळांशी. १९९१ मध्ये बुराओला त्यांच्या ज्येष्ठांनीही सही केली होती, पण बंदर, राजधानी, व्यापार सगळं इसाकांच्या पट्ट्यात राहिलं आणि पूर्वेच्या वाट्याला फारसं आलं नाही. २००७ मध्ये सोमालीलँडने लास अनोद शहर पुंटलँडकडून घेतलं. २०२२ च्या अखेरीस एका स्थानिक नेत्याच्या हत्येनंतर लोक उठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये युद्ध पेटलं. सोमालीलँडच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या, इस्पितळालाही मार बसला, दीड लाखाहून जास्त लोकांनी घरं सोडली. २५ ऑगस्टला सैन्याचा तळ पडला आणि त्याला माघार घ्यावी लागली. तो भाग आता मोगादिशूने स्वतंत्र घटक राज्य म्हणून मानला आहे. ज्या राज्याची आठवण स्वतःच्या शहरावर पडलेल्या बॉम्बने सुरू होते त्याने हे करायला नको होतं. बोरामाला चार महिने बसले तसे लास अनोदला बसायला हवं होतं. १९६० ची सीमा हा कायद्याचा मुद्दा म्हणून मला पटतो, पण त्या सीमेच्या आतल्या माणसांची संमती तो मुद्दा मिळवून देत नाही.

मान्यता नसल्याचा रोजचा त्रास व्यापारात दिसतो, म्हणून प्रश्नकर्त्याने हे लक्षात ठेवावं. बँकेची हमीपत्रं सहसा चालत नाहीत, व्यवहार दुबईतल्या पेढीमार्फत किंवा हवाल्याच्या कंपनीतून होतात, विम्याचा दर चढा असतो. माझ्या क्षेत्रात तर अडचण मुळापासून आहे. जनावरांच्या आरोग्याच्या जागतिक संघटनेत सदस्यत्व सोमालियाचं आहे, त्यामुळे हर्गेसाच्या पशुवैद्याने दिलेल्या दाखल्याला स्वतंत्र वजन नाही. विलगीकरण केंद्रं खरेदीदार देशाच्या मर्जीवर चालतात, आणि त्या देशाने हजच्या तोंडावर नाही म्हटलं तर दाद मागायला जागा नाही. त्याचा भार शेवटी बुराओच्या बाजारात मेंढीचा भाव पाडून पशुपालकावर पडतो.

मान्यता मिळाली तर हे अडथळे निघतील आणि ते निघावेत असं मला मनापासून वाटतं. पण त्याबरोबर आजवर नव्हता तो पैसा येईल. त्याची सुरुवात झालीच आहे. दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदरं चालवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये बर्बेराचा करार केला, २०२१ मध्ये नवं कंटेनर टर्मिनल सुरू झालं. १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाने समुद्राच्या वाटेसाठी मान्यतेचं गाजर दाखवणारा करार केला आणि वर्षभरात तुर्कस्तानच्या मध्यस्थीने मोगादिशूशी जुळवून घेतलं. सोव्हिएत काळात बांधलेल्या बर्बेराच्या चार किलोमीटर धावपट्टीवर अनेकांचा डोळा आहे. तळाचं भाडं आणि परदेशी कर्ज हाती आलं की सरकारला मेंढीवाल्याला, दलालाला, ज्येष्ठाला विचारण्याची गरज उरणार नाही, ही माझी खरी काळजी आहे. म्हणून मी मान्यतेच्या बातम्यांइतकंच तीन गोष्टींकडे बघतो: गुरतीची पहिली निवडणूक लागते का, पुढची मतदानं ठरल्या तारखेला होतात का, आणि इर्रो यांचं सरकार पूर्वेच्या कुळांशी तोफांशिवाय बोलायला बसतं का.